पितृपक्षातली रंगीत तालीम

७ सप्टेंबर, रविवार

आज दुपारच्या जेवणानंतर घरातल्या सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि जाहीर केलं, की उद्यापासून अमावास्येपर्यंत मी मेलो आहे असं समजायचं.

इंदू बडीशेपेची डबी हातात घेऊन तशीच उभी राहिली. ओमकारने मोबाइलमधून डोकं वर काढलं, म्हणजे विषयाचं गांभीर्य निदान चिरंजीवांना कळलं. सूनबाई प्रियदर्शिनी माझ्याऐवजी नवऱ्याकडे बघत होती. सात वर्षांच्या ईशाने विचारलं, "आजोबा, गेम आहे का?" या घरात मुद्द्याचं बोलणारी ती एकटी.

मी समजावून सांगितलं. माझा मित्र विवेक जुलैत गेला. त्याच्या बायकोला लॉकर कुठल्या बँकेत आहे हेसुद्धा माहीत नव्हतं. बिचारी अजून किल्ली पदराला बांधून एका शाखेतून दुसऱ्या शाखेत हिंडते आहे. आमच्या घरात तरी वेगळं काय आहे? विम्याचा हप्ता, घरपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स, ईशाच्या शाळेची फी, पाण्याची मोटार कोणी आणि कधी लावायची, न्हाणीघरात कोण आधी जाणार, सगळं मी बघतो. आयुष्यभर सरकारी हिशेब तपासले, निवृत्तीनंतर घराचे तपासतो. फ्रिजवर वेळापत्रक माझं, कपाटात फायली माझ्या. इंदू आजवर बँकेत गेली ती फक्त दागिने ठेवायला आणि काढायला. उद्या मी पटकन गेलो, तर हैदराबादच्या या चिक्कडपल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, चार माणसं कोरडा नळ बघत बसतील.

म्हणून मी लाल फाइल केली आहे. वर लिहिलं आहे 'मी नसताना'. आत अनुक्रमणिका, खाते क्रमांक, अर्जांचे भरलेले नमुने, एवढंच काय, वर्तमानपत्रात द्यायचा माझा फोटोसुद्धा. पण नुसत्या फाइलीने भागत नाही. नाटक बसवायचं तर तालीम हवीच. आणि पितृपक्षासारखा मोकळा पंधरवडा वर्षात दुसरा नाही. लग्नमुंज नाही, खरेदी नाही, पाहुणेरावळे नाहीत.

"उगं काहीतरी अभद्र बोलू नका," इंदू म्हणाली. "पितरांच्या दिवसांत असली थट्टा करत असतात का? आणि आज तर ग्रहण आहे."

"ग्रहण आज आहे. तालीम उद्यापासून," मी म्हणालो.

नियम सोपे आहेत. माझ्याशी कोणी बोलायचं नाही, मला काही विचारायचं नाही, माझं पान मांडायचं नाही. मी बाहेर जेवीन आणि माझ्या छोट्या खोलीत झोपेन. अडलं तर फाइल उघडायची. शिवाय मी स्वतःला ओळखून आहे. चार दिवसांत माझ्याने राहवणार नाही आणि मीच "तालीम संपली" म्हणून ओरडेन. तेव्हा अजिबात फसायचं नाही. मेलेला माणूस मध्येच उठून बसत नाही. तालीम एकाच खुणेने संपेल. सर्वपित्रीला दुपारी इंदू माझं पान वाढेल आणि "या, जेवायला या" म्हणून हाक मारेल. तोवर मी काहीही म्हणालो तरी उत्तर द्यायचं नाही.

"बाबा, सीरियसली?" ओमकारने विचारलं.

"उद्यापासून बाबा नाहीत," मी म्हणालो.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी मोटार लावायला मी उठलो नाही. गंमत बघत बाल्कनीत बसलो. टाकी कोरडी, प्रियदर्शिनीच्या डोक्याला शांपू, ओमकार बादली घेऊन खाली वॉचमनकडे. "अरे यार, मोटरका टायमिंग किसको मालूम है?" असा त्याचा आवाज जिन्यातून आला. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. कोणी वाचलं नाही.

नाश्त्याला माझ्या खुर्चीसमोर बशी नव्हती. ईशा माझ्याकडे बघून तोंडावर बोट ठेवून हसली. मीही तोंडावर बोट ठेवलं. फार मजा आली.

१० सप्टेंबर, बुधवार

दुपारी नारायणगुड्याच्या इराणी हॉटेलात खिमा न घेता बटर-बन आणि चहा घेतला. पितृपक्ष पाळायचा तो पाळायचाच. गल्ल्यावरच्या सेठने विचारलं, "क्या साब, घरवाली मायके गई क्या?" मी म्हणालो, "नक्को पूछो, मैं मर गया." तो पोट धरून हसला आणि चहाचे पैसे घ्यायला तयार होईना. "मय्यत से पैसे कैसे लेना?" म्हणाला. मी बळेच दिले.

घरी कामवाली यादम्माने इंदूला विचारलं, "सारूको क्या हुआ अम्मा? बातइच नई करते." इंदूने उपवास-मौन असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. खोटं बोलताना ती पदराशी चाळा करते. चाळीस वर्षांत तेवढं तरी मला कळलं आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मोठी परीक्षा होती. आमच्या दोघांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरायची मुदत. इंदू सकाळी तयार होऊन निघाली. मी रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने मागे. तिच्या पिशवीत लाल फाइल नव्हती! पान सहावर पॉलिसी क्रमांक, पान सातवर भरलेला नमुना. माझ्या जिवाचं पाणी झालं. हाक मारावीशी वाटली, पण मेलेल्या माणसाने रस्त्यात हाक मारणं बरं दिसत नाही.

बँकेच्या काचेतून बघत उभा राहिलो. इंदू काउंटरवरच्या मुलीशी बोलत होती. तेलुगूत. हसून, हात हलवून, शेजारच्या खुर्चीतल्या बाईला मध्ये घेऊन. इंदूला इतकं तेलुगू येतं हे मला माहीत नव्हतं. भाजीवाल्यापुरतं येत असेल असं मी धरून चाललो होतो. त्या मुलीने स्वतःच संगणकात शोधून हप्ता भरून घेतला आणि पावती हातात दिली.

बाहेर आल्यावर इंदू सरळ घरी आली नाही. कोपऱ्यावरच्या गाड्यावर तिने उसाचा रस घेतला. एकटीने. सावकाश. रस्त्याकडे बघत. मग पावतीची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. पावती अशी ठेवतात? घामाने शाई जाते.

तरी काम झालं हे मान्य करायला हवं.

१३ सप्टेंबर, शनिवार

माझा अंदाज खरा ठरला. आज माझ्याने राहवलं नाही.

सोसायटीच्या मेंटेनन्सचा चेक ओमकारने तारीख न घालता ठेवला होता. मी हॉलमध्ये येऊन म्हणालो, "पुरे. तालीम संपली. आधी तो चेक इकडे आण."

कोणी मान वर केली नाही. इंदू मेथी निवडत होती. ओमकारचे कान लाल झाले. प्रियदर्शिनी ईशाची वेणी घालत राहिली. मी म्हणालो, "खरंच संपली. इंदू, खरंच सांगतो." इंदूचा हात मेथीच्या जुडीवर क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला.

मला हसू आवरेना. याला म्हणतात शिस्त. घरातल्या माणसांना मी काही शिकवू शकलो नाही असं मला नेहमी वाटायचं. आज सगळ्यांना पैकीच्या पैकी.

१४ सप्टेंबर, रविवार

एक गोष्ट घडली. ती लिहावी की नाही याचा बराच वेळ विचार केला. दैनंदिनीशी तरी खोटं बोलू नये.

ओमकार बायको-मुलीला घेऊन बाहेर गेला होता. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. फ्रिजवरचं वेळापत्रक काढलेलं होतं. त्या जागी ईशाने रंगवलेला मोर होता. मी बघतच राहिलो. तेवढ्यात ओट्याशी पाठमोरी उभी असलेली इंदू माझ्याकडे न वळता हळू म्हणाली, "अहो, अजून थोडे दिवस असंच राहू द्या. मला जमायला लागलंय."

नियम मोडला म्हणून मी तिला टोकणार होतो. पण तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. लग्न होऊन ती देगलूरहून हैदराबादला आली, तेव्हा पहिल्यांदा एकटी सुलतान बाजारात जाऊन बांगड्या घेऊन आली होती. त्या वेळी असा होता बहुतेक. तेव्हा मी तिला बांगड्यांचा भाव विचारला होता.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. माझ्यावाचून हिचं अडेल म्हणून मी हा सगळा खटाटोप केला, आणि हिला मी नसल्यावर मोकळं वाटतं आहे. पण तिने मागितलं तरी काय? थोडे दिवस. आयुष्यात तिने माझ्याकडे काही मागितलं आणि मी त्याचा हिशेब विचारला नाही, असं आज पहिल्यांदा झालं.

"बरं," मी म्हणालो. "राहतो."

तिने मान हलवली. की फोडणीत चमचा हलवला? पाठमोरी होती, नीट दिसलं नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

आजचा दिवस विचित्र गेला.

इराणी हॉटेलात माझ्या नेहमीच्या टेबलाशी बसलो. वेटर तीनदा जवळून गेला. चौथ्यांदा आला, टेबल पुसलं, माझं वर्तमानपत्र घडी करून उचललं आणि गल्ल्यावर नेऊन ठेवलं. "ए मियाँ!" मी म्हणालो. सेठ बाहेर रस्त्याकडे बघत होता. त्या दिवशीच्या माझ्या विनोदाची ही परतफेड असणार. या शहरातल्या लोकांना थट्टा लांबवायची सवय आहे. मी उठून आलो. भूक तशीही नव्हती.

येताना एकही रिक्षा थांबली नाही. आता यात नवल काही नाही. चिक्कडपल्लीचं नाव काढलं की रिक्षावाले मान फिरवतात. पण आज त्यांनी मानसुद्धा फिरवली नाही.

मोबाइल उघडेना. हल्ली चेहरा दाखवून उघडतो. धरला समोर, तिरका धरला, चष्मा काढून धरला. स्क्रीनवर फक्त मागचा पडदा आणि पंखा दिसत होते. कॅमेरा खराब झाला. ओमकारला सांगायचं तर बोलायची सोय नाही.

संध्याकाळी मी खुर्चीत बसलो असताना यादम्माने वाळलेल्या कपड्यांची टोपली आणून माझ्या मांडीवर ठेवली आणि घड्या घालायला लागली. यादम्मालाही यांनी फितवलं! मी टोपली धरून गुपचूप बसलो. ती गाणं गुणगुणत होती. माझ्या मांडीवरून ती टोपली उचलताना तिच्या हाताला माझा हात लागला, तर तिने हात झटकला आणि वर पंख्याकडे बघून तो एक घर कमी केला.

१६ सप्टेंबर, मंगळवार, दशमी

आज माझ्या वडिलांची तिथी. श्राद्ध दरवर्षी मीच करतो. हा काही घरखर्चाचा विषय नाही, त्यामुळे तालमीचा नियम याला लागू नाही, असं मी मनाशी ठरवलं. सकाळी आंघोळ करून सोवळं नेसून पाटावर जाऊन बसलो.

गुरुजी काचीगुड्याहून आले. वीस वर्षांची ओळख. मी म्हणालो, "या गुरुजी." ते पाय धुऊन आत आले, दर्भ काढले आणि म्हणाले, "ओमकार, सोवळं नेसलात? मग बसा पाटावर." ओमकार आला आणि बसायलाच लागला. मला घाईने उठावं लागलं, नाहीतर मांडीवरच बसला असता.

ही चूकच आहे. बाप हयात असताना मुलगा असा श्राद्धाला बसत नाही. पण पुढे याहून मोठी चूक झाली. गुरुजींनी विचारलं, "वडिलांचं नाव?"

ओमकार म्हणाला, "एकनाथ."

"आजोबांचं?"

"यशवंत."

"पणजोबांचं?"

"दत्तोबा."

आता बघा. श्राद्ध यशवंतांचं. नावं यशवंतांपासून सुरू व्हायला हवीत. यशवंत, दत्तोबा, बळीराम. सगळी यादी एक घर खाली घसरली. माझे पणजोबा बळीराम बिचारे बाहेर पडले आणि त्यांची जागा कोणी भरली, तर मी! मी मोठ्याने म्हणालो, "गुरुजी, सुरुवात चुकली." त्यांनी तीन पिंड ठेवले. पहिल्या पिंडावर ओमकारने माझं नाव घेऊन तीळ-पाणी सोडलं.

गुरुजींना तालमीबद्दल ओमकारने फोनवर सांगून ठेवलं असणार. दुसरं काय? नाटकाच्या नादात धर्मकार्यात घोळ घालणं मला पसंत नाही. तालीम संपल्यावर हा मुद्दा मी काढणार आहे.

एवढंच, की ओमकार रडत होता. त्याला अभिनय कधी जमला नाही. शाळेच्या नाटकात त्याला झाडाचं काम दिलं होतं. तेही त्याने हलून बिघडवलं होतं.

१७ सप्टेंबर, बुधवार

शेजारचे अझहर साहेब दुपारी आले. इंदूने चहा केला. मी समोरच बसलो होतो. ते गालिच्याकडे बघून म्हणाले, "बहोत उसूल के आदमी थे भाभी. लिफ्ट के मेंटेनन्स का एक रुपया इधर का उधर नई होने दिये."

इंदू म्हणाली, "हौ. पर चिडते बहोत थे." मग दोघं हसली. मग इंदूने डोळे पुसले.

अझहर साहेब थापा मारणाऱ्यांतले नाहीत. जुना निजामाबादी माणूस. बायकोच्या सांगण्यावरूनही खोटं बोलणार नाही.

इंदूच्या कपाळावर टिकली नव्हती. आंघोळीनंतर घाईत राहिली असेल.

१८ सप्टेंबर, गुरुवार

घरात बसवेना. चालत अफझलगंजला आलो आणि ग्रंथालयाच्या वाचनकक्षात बसून हे लिहितो आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं सगळ्या खुर्च्या भरून बसली आहेत. मघाशी एक मुलगा माझ्या खुर्चीशी आला, खुर्ची ओढली, तशी मी उठलो आणि खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसलो. मी उठलो नसतो तर काय झालं असतं, ते बघायचं धैर्य माझ्यात नव्हतं.

मी भ्यालो आहे. हे लिहून ठेवतो.

आज सकाळी मी ईशाला गाठलं. तिच्यापुढे गुडघ्यांवर बसलो आणि म्हणालो, "राणी, आता गेम पुरे. आजोबांकडे बघ. एकदाच." ती बाहुलीला फ्रॉक घालत होती. तिने नाक वर केलं, हुंगलं आणि आत आईला ओरडून म्हणाली, "मम्मा, इथं आजोबांच्या बामचा स्मेल येतोय." प्रियदर्शिनी धावत आली, तिला उचलून छातीशी घेतलं आणि खिडकी उघडली. सूनबाईचा चेहरा पांढरा पडला होता. तिला मी आपलं माणूस म्हणून कधी धरलंच नाही. तिच्या पगाराची स्लिप मात्र महिन्याच्या महिन्याला मागून घेत होतो.

मी नियम पुन्हा आठवून बघितला. तालीम एकाच खुणेने संपेल. इंदू पान वाढेल, हाक मारेल. नियम मी स्वतः केला आहे आणि त्यात पळवाट ठेवलेली नाही. माझ्या नियमांत पळवाट नसते. अमावास्येपर्यंत थांबायचं. सगळं कागदाप्रमाणे होईल.

२० सप्टेंबर, शनिवार

हॉलमध्ये माझा फोटो लागला. चंदनी हार घातलेला.

आधी मला आनंद झाला. फोटो म्हणजे फाइल उघडली! निरोप समारंभाचा, टाय लावलेला, फाइलीत शेवटच्या पानाला टाचलेला. जवळ जाऊन बघितलं तर तो नव्हता. ईशाच्या वाढदिवसाचा होता. मिशीला केक लागलेला, डोळे मिटलेले, तोंड उघडून मी हसतो आहे. असा फोटो लावतात? पण मी बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिलो. मी असा हसतो हे मला माहीत नव्हतं.

लाल फाइल कपाटात होती तशीच आहे. वर बारीक धूळ बसली आहे. ज्या फाइलीसाठी मी वर्षभर डोळे फोडले, ती या लोकांनी उघडूनही बघितली नाही. घर मात्र चाललं आहे. मोटार ईशा लावते. स्टुलावर चढून. तिला कोणी शिकवलं कोण जाणे. घरपट्टी ओमकारने ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या मोबाइलवरून भरली. न्हाणीघरासाठी सकाळी भांडणं होतात आणि मग सगळे हसतात. कोणीही वेळेवर निघत नाही आणि कोणाला उशीरही होत नाही. हे गणित मला सुटलेलं नाही.

पाच दिवसांत मी काही खाल्लेलं नाही. भूक लागत नाही. उद्या मात्र इंदूच्या हातचं जेवायचं आहे.

२१ सप्टेंबर, रविवार, सर्वपित्री अमावास्या

सकाळपासून स्वयंपाकघरातून वास येत होते. भरडाचे वडे, कढी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी, तांदळाची खीर. मी स्वच्छ धोतर नेसून हॉलमध्ये जेवायच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. चार ताटं मांडली होती. पाचवं नव्हतं.

मी मोजदाद पुन्हा केली. चार.

मग इंदू आतून आली. हातात केळीचं पान होतं, सगळं वाढलेलं. ते टेबलावर न ठेवता ती दाराबाहेर गेली आणि जिना चढू लागली. मागून ओमकार पाण्याचा तांब्या घेऊन, प्रियदर्शिनी, ईशा. मीही निघालो. इंदूच्या काखेत काहीतरी लाल दिसत होतं. माझी फाइल.

गच्चीवर ऊन होतं. खालच्या अंगणात सोसायटीच्या बायका संध्याकाळच्या बतुकम्माच्या फेरासाठी फुलं निवडत होत्या. तंगेडूच्या पिवळ्या फुलांचा ढीग वरून दिसत होता. इंदूने कठड्यावर पान ठेवलं आणि सगळे मागे सरून उभे राहिले. आमच्या भागात कावळे उरलेले नाहीत. सगळी कबुतरं. कबुतरांना खिरीतलं काही कळत नाही. बराच वेळ गेला. काही आलं नाही.

"आजी, कावळा आलाच नाही तर?" ईशाने विचारलं.

"येतील," इंदू म्हणाली. कावळा येईल म्हणाली नाही. येतील म्हणाली.

मग ती एक पाऊल पुढे झाली, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला, आणि जेवणाच्या वेळी रोज स्वयंपाकघरातून मारायची त्याच आवाजात म्हणाली, "या. जेवायला या."

हीच खूण होती. अक्षरन् अक्षर.

मला एकदम कडकडून भूक लागली. मी कठड्याशी गेलो आणि जेवलो. वडा कढीत बुडवून खाल्ला. खिरीत जायफळ होतं. वेलदोडा मला चालत नाही हे तिच्या लक्षात होतं. पानाच्या डाव्या कोपऱ्यातलं मीठसुद्धा मी बोटाने चाटलं. माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, माझी चारही माणसं उभी होती आणि चौघंही पानाकडे बघत होती. प्रियदर्शिनीने ओमकारचा दंड घट्ट धरला होता.

"आजी, संपलं!" ईशा ओरडली. "कोणी खाल्लं?"

ओमकार तांब्या टाकून खाली बसला. इंदू मात्र जागची हलली नाही. तिने हात जोडले. ती माझ्याकडेच बघत होती, पण किंचित उजवीकडे, जिथे मी नव्हतो. मी तिच्या नजरेसमोर येऊन उभा राहिलो.

"जेवलात ना पोटभर?" ती म्हणाली. "आता काळजी करू नका. विमा भरला. घरपट्टी भरली. मोटार पोरगी लावते. मला जमतंय सगळं." तिने काखेतली फाइल पानाशेजारी ठेवली. "ही मात्र मी उघडली नाही हो. रागावू नका. एकदा उघडायला गेले. पहिल्याच पानावर तुमचं अक्षर दिसलं, आणि मग मला दिवसभर काही सुचेना. म्हणून विचारत विचारत केलं सगळं."

मी म्हणालो, "इंदू, मी इथे आहे." म्हणून बघितलं. एकदाच.

तिने डोळे पुसले. मग वाकून पान उचललं, ईशाचा हात धरला आणि जिना उतरू लागली. दोन पायऱ्यांवर थांबली. मला वाटलं वळेल. पण ती ईशाला म्हणाली, "सावकाश, पायरी ओली आहे."

मी त्यांच्यामागे गेलो नाही. अजून गच्चीवरच आहे, आता संध्याकाळ झाली. खालून टाळ्यांचा आवाज येऊ लागला आहे. बायकांनी फेर धरला असेल. इंदूही त्यात असेल बहुतेक. आमच्या वेळापत्रकात बतुकम्मा कधी बसलाच नाही. ती खिडकीतून बघायची आणि मी म्हणायचो, साडेसातला पोळ्या.

फाइल उघडून शेवटच्या पानावर मी बघितलं. तिथे तपासनीसाच्या शेऱ्यासाठी जागा सोडलेली आहे. सवयीने सोडली होती. मी खाली बसलो आणि तिथे लिहिलं: सर्व व्यवहार तपासले. घर माझ्यावाचून चालते. आक्षेप नाही.